एकवीस दिवस आणि चार तास

राजगृहातील एका श्रेष्ठीला सात वर्षं डोक्याचा विकार जडला होता. नामांकित वैद्यांनी हात टेकले, तेव्हा जीवक या वैद्याला बोलावणं गेलं. शस्त्र हाती घेण्याआधी जीवकानं रुग्णाला विचारलं, एका कुशीवर सात महिने पडून राहाल? श्रेष्ठी हो म्हणाला. दुसऱ्या कुशीवर सात महिने? हो. पाठीवर सात महिने? त्यालाही हो. मग जीवकानं त्याला मंचकाला बांधलं, डोक्याची कातडी चिरली, कवटी उघडून आतले किडे काढले, जखम शिवून वर लेप लावला. सात दिवस होतात न होतात तोच रुग्ण म्हणू लागला, आता या कुशीवर राहवत नाही. दुसऱ्या कुशीवरही सात दिवसांत तेच झालं, पाठीवरही तेच. एकविसाव्या दिवशी जीवकानं सांगून टाकलं की तुम्ही बरे झाला आहात. एकवीस दिवस पुरतील हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं, पण सात-सात महिन्यांची अट घातली नसती तर श्रेष्ठी एवढंही पडून राहिला नसता. विनयपिटकाच्या महावग्गातील ही कथा इतिहास म्हणून कितपत धरायची, हा प्रश्न बाजूला ठेवू. तिच्यातली एक समजूत मात्र नीट पाहण्यासारखी आहे: शस्त्रक्रिया वैद्यानं करायची आणि त्यानंतर रुग्णानं जे करायचं ते म्हणजे पडून राहणं.

ज्या बौद्ध संघाच्या नियमग्रंथात ही कथा आहे, त्याच संघाच्या भिक्षूंसाठी अजिंठ्याच्या डोंगरात वाघूर नदीच्या वळणावर विहार कोरले गेले. याच जिल्ह्यात, कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याच्या लेण्यांत, मगिल नावाच्या राजवैद्याच्या दानाचा शिलालेख आहे. म्हणजे वैद्य आणि विहार यांची सोबत या मुलखाला जुनी. आणि पडून राहण्याविषयीची ती समजूतही तितकीच जुनी असावी, कारण आजही अजिंठ्याच्या, सिल्लोडच्या किंवा पुण्याच्या कोणत्याही घरात ऑपरेशन झालेल्या माणसाला मिळणारे पहिले दोन सल्ले ठरलेले असतात: हलू नकोस, आणि काहीतरी ताकदीचं खा. या दोन वाक्यांत आपली शुश्रूषेची सगळी कल्पना सामावलेली आहे. आराम आणि पौष्टिक अन्न हे तिचे दोन खांब. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र हे दोन्ही खांब काढून घ्यावे लागतात, आणि तेही पहिल्या काही तासांत. या प्रकरणात मला मांडायचं आहे ते असं की या शस्त्रक्रियेनंतरचे रुग्णालयातले दोन-तीन दिवस म्हणजे उपचार संपल्यानंतरची विश्रांती नव्हे. उपचाराचा अर्धा भाग त्या दिवसांत होतो, आणि तो रुग्णाच्या हातून होतो.

आधी शस्त्रक्रियेविषयी थोडं. आज सर्वाधिक केल्या जाणाऱ्या स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि उरलेल्या जठराची एक अरुंद नळी ठेवतात. तिच्यात जेमतेम शंभर-दीडशे मिलिलिटर मावतं. बायपासमध्ये जठराचा वरचा, लिंबाएवढा भाग वेगळा करून तो थेट लहान आतड्याला पुढे जोडतात. दोन्ही शस्त्रक्रिया बहुधा दुर्बिणीतून होतात, म्हणजे पोटावर पाच-सहा लहान छिद्रं असतात आणि आत मात्र स्टेपलच्या टाक्यांची लांबलचक रांग. जठर लहान झाल्यानं खाणं कमी होतं, हे खरंच. पण जठराच्या वरच्या फुगीर भागातून स्रवणारं घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक घटतं आणि आतड्यातून येणारे तृप्तीचे इशारे वाढतात, हेही तितकंच महत्त्वाचं. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार लोकांची तुलना तशाच, पण शस्त्रक्रिया न झालेल्या दोन हजारांशी केली गेली. २००७ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यू कमी होते. तेव्हा ही सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया नव्हे, हे एकदा स्पष्ट झालेलं बरं.

आपल्याकडे या विषयाला आणखी एक पदर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३; पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, हे याहून नेमकं कोणी दाखवलं नसेल. म्हणूनच २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत शस्त्रक्रियेच्या विचारासाठी इतरांना ३० किंवा ३५ ची रेषा आहे, तर आशियाई लोकांना २७.५ ची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीत देशातील २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष अतिवजनाच्या वा लठ्ठपणाच्या वर्गात होते. २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हा तिचं नाव अनेक मराठी घरांत पहिल्यांदाच पोचलं. नाव पोचलं, पण त्यानंतर रुग्णालयात काय करायचं असतं ते पोचलं नाही.

तर पहिला खांब, आराम. या शस्त्रक्रियेनंतर अनेक रुग्णालयांत रुग्णाला दोन ते चार तासांत पलंगावरून उतरवतात आणि वॉर्डाच्या व्हरांड्यात चालवतात. नातेवाइकांना हे पाहवत नाही. त्यामागचं कारण मात्र साधं आहे. पायांच्या शिरांमधलं रक्त वर हृदयाकडे ढकलण्याचं काम पोटऱ्यांचे स्नायू करतात, आणि ते चालतानाच करतात. जाड शरीरात पोटाचा दाब त्या शिरांवर सतत असतो, चरबीमुळे रक्ताची गोठण्याची प्रवृत्तीही वाढलेली असते. त्यात शस्त्रक्रियेच्या वेळी पोट वायूनं फुगवलेलं आणि डोक्याकडची बाजू उंच केलेली, म्हणजे रक्त पायांतच साचून राहिलेलं. अशा माणसानं नंतर रात्रभर निश्चल पडायचं ठरवलं, तर पोटरीत गुठळी होण्यासाठी यापेक्षा अनुकूल परिस्थिती शोधून सापडणार नाही. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली की क्षणात जीव जाऊ शकतो, आणि या शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंच्या प्रमुख कारणांत ही गुठळी आहे. फुप्फुसांचंही तेच. भूल उतरल्यावर उताणं पडलेल्या जाड माणसाचं पोट श्वासपटलाला वर रेटतं, फुप्फुसाचा तळचा भाग मिटतो, तिथे कफ साचतो आणि ताप येतो. पलंगाची डोक्याची बाजू वर उचलून ठेवणं, तीन छोटे चेंडू असलेल्या प्लॅस्टिकच्या यंत्रातून तासातासाला दीर्घ श्वास ओढणं, पायांना आळीपाळीनं दाबणारे हवेचे पट्टे, पोटावर टोचायची रक्त पातळ ठेवणारी सुई, आणि चालणं, हे सगळे एकाच कामाचे भाग आहेत.

पडून राहण्याचा हा धोका लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेमुळे नव्यानं समजला असंही नाही. रिचर्ड अ‍ॅशर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९४७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अंथरुणात झोपण्याच्या धोक्यांवरच लेख लिहिला आणि फुप्फुसं, शिरा, त्वचा, स्नायू, हाडं, मूत्रपिंडं असं एकेक अवयव घेऊन पलंग त्याचं काय करतो ते सांगितलं. पुढे १९९० च्या दशकात डेन्मार्कमधील शल्यविशारद हेन्रिक केलेट यांनी मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना लगेच उठवणं, लगेच तोंडानं देणं, गुंगी आणणारी वेदनाशामकं कमी करणं हे सारं एकत्र बांधलं. आठवडाभर किंवा त्याहून जास्त रुग्णालयात राहणारी माणसं दोन-तीन दिवसांत घरी जाऊ लागली आणि त्यांचे त्रासही कमी झाले. २०१६ मध्ये याच पद्धतीच्या शिफारशी लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेसाठी स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाल्या. अमेरिकेतील दहा केंद्रांवरच्या ४,७७६ रुग्णांचा अभ्यास २००९ मध्ये आला होता, त्यात तीस दिवसांत मृत्यू पावलेले ०.३ टक्के होते. ज्या शस्त्रक्रियेची लोकांना इतकी धास्ती वाटते तिच्यासाठी हा आकडा लहान आहे. तो लहान ठेवण्यात शल्यविशारदाच्या हाताइतकाच त्यानंतरच्या तासांचा वाटा असतो.

यावर पहिला आक्षेप घरातल्या मोठ्या माणसांचा असतो आणि तो मायेपोटीच येतो: आतले टाके तुटतील ना? तुटत नाहीत. चालताना जठरावर असा कोणताही ताण येत नाही जो स्टेपलची रांग उसवेल. तिला खरा धोका असतो तो आतला दाब वाढण्याचा, म्हणजे घाईनं खूप पिण्याचा, जोरानं ओकण्याचा. दुसरा आक्षेप वेदनेचा. दुखतंय त्याला चालवायचं हे निर्दयपणाचं नाही का? इथे शरीराची एक गंमतशीर रचना समजून घ्यायला हवी. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइडचा थोडा भाग आत उरतो आणि श्वासपटलाला टोचत राहतो. श्वासपटलाची नस मानेतून निघते, जिथून खांद्याच्याही नसा निघतात, त्यामुळे मेंदूला ते दुखणं खांद्यात असल्यासारखं वाटतं. पोटाचं ऑपरेशन झालं आणि खांदा का दुखतोय, या प्रश्नानं पहिल्या रात्री कितीतरी रुग्ण घाबरून जातात. हा वायू शरीरात शोषला जाऊन निघून जातो, आणि हालचाल केल्यावर रुग्णाला पडून राहण्यापेक्षा आराम वाटतो. म्हणजे त्या रात्री चालवणं ही दयाच असते. अर्थात तिसरा एक आक्षेप मला पूर्ण मान्य आहे: प्रत्येकाला चार तास हे माप लागू नाही. ज्याचं रक्तदाबाचं यंत्र घसरण दाखवतंय, ज्याला चक्कर येतेय, ज्याचे गुडघे आधीच झिजून गेलेत, त्याला आधी पलंगावर बसवायचं, मग पाय खाली सोडायचे, मग खुर्ची, मग व्हरांडा. घड्याळ महत्त्वाचं नाही, क्रम महत्त्वाचा आहे. झोपेत श्वास अडणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत तर आणखी सावधपणा लागतो, कारण मॉर्फिनच्या जातीची औषधं त्याचा श्वास आणखी मंदावतात. त्यानं घरचं श्वासाचं यंत्र रुग्णालयात आठवणीनं न्यावं आणि ते रात्रीसोबत दुपारच्या डुलकीतही लावावं.

दुसरा खांब पौष्टिक अन्नाचा, आणि तो काढणं अधिक अवघड, कारण आपल्याकडे प्रेम ताटातून व्यक्त होतं. शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला पाणी मिळतं ते साधारण ३० मिलिलिटरच्या मापानं, म्हणजे औषधाच्या बाटलीच्या झाकणानं दोन-तीन झाकणं, आणि तेही पंधरा मिनिटांत संपवायचं. मग पातळ पदार्थ: गाळलेलं वरणाचं पाणी, ताकाची निवळ, शहाळ्याचं पाणी. पहिले दोन आठवडे द्रव, पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं घट्टसर, मग मऊ, मग हळूहळू नेहमीचं. भाकरीची पाळी सर्वांत शेवटी. हे ऐकून भेटायला आलेल्या मावशी म्हणतात, अशानं अंगात काय राहणार? हा प्रश्न चुकीचा नाही. जखम भरायला शरीराला काहीतरी लागतंच. पण काय लागतं ते पाहावं. उष्मांकांचा तुटवडा या शरीरात नाही. महिनोन्महिने पुरतील इतके ते साठवलेले आहेत, त्यासाठीच तर शस्त्रक्रिया केली. तुटवडा तीन गोष्टींचा पडतो: पाणी, प्रथिनं आणि जीवनसत्त्वं. दिवसाला दीड लिटर पाणी घोटाघोटानं पोटात जाणं हे पहिल्या आठवड्यातलं सर्वांत कष्टाचं काम, आणि ते न जमल्यानं सलाईनसाठी परत भरती व्हावं लागतं. प्रथिनं रोज ६० ग्रॅमच्या पुढे हवीत, नाहीतर शरीर चरबीबरोबर स्नायूही खातं. तांदळाची पेज पोटभर दिली तर त्या चिमुकल्या नळीत पाणी आणि प्रथिनांची जागा पिठानं भरून जाते. शिरा, लाडू, उसाचा रस यांचं तर विचारूच नका. बायपास झालेल्या रुग्णाला साखरेचा गोड घास थेट आतड्यात उतरतो आणि घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब असा झटका येतो.

आणि तरीही हे पथ्य परकं आहे असं कोणी म्हणू नये. चरकसंहितेत शोधनक्रियेनंतर अग्नी मंद झालेल्या माणसाला एकदम जेवण न देता पेया, मग विलेपी, मग यूष, मग मांसरस अशा पायऱ्यांनी नेहमीच्या आहारावर आणायला सांगितलं आहे. त्याला संसर्जनक्रम म्हणतात. आपला पेज हा शब्द त्या पेयेचाच. चरकाला स्टेपलची रांग ठाऊक नव्हती आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत, त्यामुळे हे सगळं आपल्याकडे आधीच होतं असा दावा मी करणार नाही. पण एखाद्या आजीला मिक्सरमधलं वरण पटवून द्यायचं असेल तर बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांऐवजी तापातून उठलेल्या माणसाची पेज तिला आठवून द्यावी. तिला ती लगेच समजते.

मधुमेही रुग्णांच्या बाबतीत या दोन-तीन दिवसांत एक विलक्षण गोष्ट घडते. वजन अजून एक किलोनंही कमी झालेलं नसतं आणि रक्तातली साखर खाली येऊ लागते. बायपासनंतर हे विशेष दिसतं. खाणं जवळपास थांबल्याचा आणि आतड्याच्या संप्रेरकांतल्या बदलाचा हा एकत्रित परिणाम. वाचायला आनंद वाटतो, पण वॉर्डात तो धोक्याचा क्षण असतो. घरून आणलेल्या गोळ्या आणि इन्सुलिन पूर्वीच्याच मापानं घेतलं तर साखर धोकादायक पातळीखाली जाते. रक्तदाबाच्या गोळ्यांचं, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचंही असंच. पाणी कमी पोचत असताना त्या रुग्णाला आणखी कोरडं करतात. रुग्णालयातून निघताना मिळणाऱ्या कागदावर जुन्या औषधांपैकी कोणती बंद, कोणती निम्मी, हे लिहिलेलं आहे का ते पाहणं म्हणूनच नातेवाइकाचं पहिलं काम. सांधेदुखीसाठी सहज घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्याही त्या यादीत पाहाव्यात. बायपासच्या जोडावर त्यांनी व्रण होतात, आणि गावातल्या मेडिकलमध्ये त्या मागितल्या की मिळतात.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. आराम करायचा नाही, खायचं नाही, चालायचंच आहे, तर मग रुग्णालयात राहायचंच कशाला? काही देशांत निवडक रुग्णांना स्लीव्हनंतर त्याच दिवशी घरी पाठवतात, हे खरं आहे. पण तिथेही घर रुग्णालयाच्या जवळ असावं आणि फोनवर देखरेख असावी अशी अट असते. राहायचं ते आरामासाठी नव्हे, पाहिलं जाण्यासाठी. या शस्त्रक्रियेनंतरचा भीतीदायक प्रसंग म्हणजे स्टेपलच्या रांगेतून गळती होणं. ती शंभरात एखाद-दुसऱ्यालाच होते, पण जाड पोटात तिची नेहमीची खूण, म्हणजे हात लावल्यावर कडक लागणारं पोट, दिसतच नाही. चरबीचा थर ती झाकून टाकतो. दिसते ती नाडी. मिनिटाला १२० च्या वर गेलेली आणि तिथेच राहिलेली नाडी, अस्वस्थपणा, धाप, डाव्या खांद्यात नव्यानं उठलेली कळ. पहाटे तीनला सिस्टर येऊन मनगट धरते तेव्हा ती झोपमोड करत नसते. या सगळ्या उपचारातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विश्वासू सूचक ती मोजत असते.

पण नाडी बोलते तेवढंच बोलते. बाकीचं रुग्णानं सांगावं लागतं, आणि इथे पुन्हा महावग्गाकडे जावंसं वाटतं. अतिसारानं आजारी, स्वतःच्या घाणीत पडलेला एक भिक्षू बुद्धांना दिसला. कोणी त्याची सेवा करत नव्हतं, कारण तो कोणाच्या उपयोगी पडत नव्हता. बुद्धांनी आपला शिष्य आनंद याला पाणी आणायला सांगितलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं आणि उचलून मंचकावर ठेवलं. त्यानंतर संघासाठी जे नियम आले त्यांत कोणत्या रुग्णाची शुश्रूषा सोपी आणि कोणाची अवघड याच्या खुणा सांगितल्या आहेत. सोपा रुग्ण पथ्याचं तेच करतो, पथ्याच्या गोष्टीतही प्रमाण ओळखतो, औषध घेतो, दुखणं सोसतो. आणि दुखणं वाढतंय, कमी होतंय की तसंच आहे, हे सेवा करणाऱ्याला जसंच्या तसं सांगतो. ही शेवटची खूण मला अत्यंत मोलाची वाटते. आपल्याकडे चांगला रुग्ण म्हणजे न कुरकुरणारा, विचारलं की बरं आहे म्हणणारा. या वॉर्डात मात्र तसा शहाणा रुग्ण धोकादायक ठरतो. दोन घोट जास्त प्यायलो आणि उलटी झाली, हे लाजेनं लपवलं जातं. उलट्या दिवसेंदिवस चालू राहिल्या तर बी-१ जीवनसत्त्वाचा शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो, तोल जातो, नजर दुहेरी होते, आणि त्यातच कोणी नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर मेंदूची हानी वाढते. एका न सांगितलेल्या उलटीपासून हा रस्ता सुरू होऊ शकतो.

त्याच ठिकाणी सेवा करणाऱ्याचेही गुण दिले आहेत. त्यांत किळस न वाटणं आहे, लोभासाठी नव्हे तर मैत्रभावानं सेवा करणं आहे, आणि रुग्णाला बोलण्यानं उभारी देणं आहे. जाड माणसाच्या बाबतीत हे गुण सहज मिळत नाहीत, हे मान्य करायला हवं. आयुष्यभर ज्यानं टोमणे ऐकले तो माणूस रुग्णालयातही ते ऐकतो: किती वजन आहे हो, उचलायचं कसं, खुर्ची टिकेल का. त्यातून चालायला उठण्याची लाज वाटते, आणि लाजेनं पडून राहिलेल्याची पोटरी तितकीच धोक्यात असते. किळस नसणं हे केवळ मनाचं काम नाही, ते साहित्याचंही आहे. नेहमीच्या मापाचा रक्तदाबाचा पट्टा जाड दंडावर आवळला की आकडा खोटा, चढा येतो. अरुंद पलंग, हात नसलेली कमोडची खुर्ची, न पुरणारा गाऊन, यांतली प्रत्येक वस्तू रुग्णाला सांगत असते की तू इथे अपेक्षित नव्हतास. २०१७ च्या फेब्रुवारीत जगातील सर्वांत वजनदार म्हणून गाजलेली इजिप्तची एक महिला मुंबईच्या सैफी रुग्णालयात आली तेव्हा तिच्यासाठी वेगळी खोलीच तयार करावी लागली. मार्चमध्ये तिची स्लीव्हची शस्त्रक्रिया झाली, मे महिन्यात तिला अबुधाबीला हलवलं गेलं आणि सप्टेंबरमध्ये तिथे तिचा मृत्यू झाला. या काळात वर्तमानपत्रं किलो मोजत राहिली. पण वर्षानुवर्षं अंथरुणावर काढलेल्या शरीरासाठी उठून बसता येणं, कूस बदलता येणं, श्वास सुटा होणं हीच बरं होण्याची मापं असतात, आणि ती वजनकाट्यावर दिसत नाहीत. एवढ्या टोकाच्या उदाहरणावरून सर्वसामान्य शस्त्रक्रियेचा अंदाज बांधू नये. तरी मोजायचं काय, हा धडा त्यातून घेता येतो.

शेवटचा आक्षेप नैतिक आहे आणि तो सर्वांत जास्त ऐकू येतो. जिभेवर ताबा ठेवला असता तर हे सगळं लागलंच नसतं. आता ऑपरेशन केलं तरी ताबा नसेल तर काय उपयोग? कोसलचा राजा प्रसेनजित याची एक कथा संयुत्तनिकायात आहे. द्रोणभर भात खाऊन धापा टाकत तो बुद्धांकडे आला. प्रमाणात खाणाऱ्याच्या वेदना कमी होतात आणि आयुष्य सुखानं सरतं, अशा अर्थाची गाथा बुद्धांनी म्हटली. ही कथा संयमाचा उपदेश म्हणून सांगितली जाते, पण तिचा पुढचा भाग सहसा गाळतात. राजानं जवळच्या सुदस्सन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करायला लावली आणि रोज जेवताना ती ऐकवायचं काम दिलं, त्याबद्दल दिवसाला शंभर कहापण नाणी ठरवून. मग हळूहळू राजा नाळीभर भातावर आला, अंगानं हलका झाला, गालांवर हात फिरवून समाधानानं बोलू लागला. म्हणजे कोसलच्या राजालाही केवळ निश्चयावर भिस्त ठेवता आली नाही. त्याला ताटाशेजारी उभा राहणारा एक माणूस लागला, रोज लागला, आणि उतरण्यासाठी पायऱ्या लागल्या. शस्त्रक्रियेनं भुकेचं संप्रेरक घटवलं तरी घोट केवढा, घास केवढा, थांबायचं कधी, हे शरीराला नव्यानं शिकावं लागतं. ३० मिलिलिटरचं ते माप, वॉर्डातली आहारतज्ज्ञ आणि पलंगाशेजारी बसलेली पत्नी, भाऊ किंवा मुलगी मिळून सुदस्सनाचं काम करतात. त्या दोन-तीन दिवसांत घरच्या माणसानं हे काम सिस्टरकडून शिकून घेतलं नाही, तर घरी गेल्यावर शिकवायला कोणी नसतं.

कारण घर दूर असतं. अजिंठ्याचा रुग्ण संभाजीनगरच्या रुग्णालयातून निघाला तर फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव असा जवळपास शंभर किलोमीटरचा रस्ता आहे. मुंबईहून निघाला तर रात्रभराचा. आणि अमेरिकेतील सुमारे ९२ हजार रुग्णांच्या नोंदींवरून २०१७ मध्ये दिसून आलं की शस्त्रक्रियेनंतरच्या गुठळ्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त रुग्णालयातून सुटी झाल्यावर झाल्या होत्या. तेव्हा गाडीत मागच्या सीटवर आडवं करून नेणं ही काळजी नव्हे. पुढे बसवावं, फुलंब्रीला उतरवून पाच मिनिटं चालवावं, सिल्लोडला पुन्हा उतरवावं, मधल्या वाटेत घोटे वर-खाली करायला सांगावं, पाण्याची बाटली हातात असावी. रक्त पातळ ठेवणारी सुई घरीही काही दिवस चालू ठेवायला सांगितली असेल तर ती कोण टोचणार हे निघण्याआधी ठरलेलं असावं. गळती तर पाचव्या-दहाव्या दिवशीही होऊ शकते, म्हणून घरातल्या एकानं मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायला शिकलेलं असावं, सकाळी एकदा, रात्री एकदा, आणि आकडा वहीत. तो १२० च्या वर जाऊन तिथेच थांबला, पोटरी एका बाजूची सुजली, धाप लागली किंवा पाणीही ठरेना, तर जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं की जठराची शस्त्रक्रिया झाली आहे, अमुक तारखेला, अमुक प्रकारची, आणि रुग्णालयातून निघताना मिळालेला तो कागद पुढे करायचा.